अठ्ठेचाळीसमधला चार

माझ्या जावेच्या पोरीचं फेरिटिन सहा निघालं आणि माझ्या पोटात आग पडली.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही, लेकराच्या रक्तात लोह नाही म्हटल्यावर जीव कळवळायला पाहिजे. कळवळला की! दोन मिनिटं कळवळला, मग जळायला लागला. कारण त्याच आठवड्यात माझ्या शिवूचंही रक्त मीच काढलं होतं आणि त्यात सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन नॉर्मल, बी-बारा नॉर्मल, डी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. फेरिटिन, म्हणजे अंगात साठवून ठेवलेलं लोह, ते एक्कावन्न. दुसऱ्या कुणाच्या पोराचा असा रिपोर्ट आला असता तर मीच त्याच्या आईला म्हणाले असते, बाई, पेढे वाटा.

मी चंद्रिका. सात रस्त्याजवळ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं टेक्निशियन आहे. राहायला बाळीवेशीत. खाली दीर, धाकटी जाऊ पूनम आणि त्यांची शरण्या. वर मी, माझा नवरा आणि शिवू. सासूबाई, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो, त्या जिथं चहा आधी होईल तिथं.

शिवू आठ वर्षांचा, शरण्या सात. दोघांची तऱ्हा एकच. एका जागी बूड टेकायचं नाही. शिवू वर्गात बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर ओरडणार, ते चुकणार, मग बाकावर चढणार. महिन्याला तीन पाण्याच्या बाटल्या हरवणार. शरण्या झोपेत पाय झाडायची, दिवसा रडून घर डोक्यावर घ्यायची, आणि कुणाचं लक्ष नसलं की जिन्याच्या भिंतीचा चुना चाटायची. एकच शाळा. जूनमध्ये शाळेनं दोघांच्या आयांना एकाच दिवशी बोलावलं आणि लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर मॅडमकडे जा म्हणून सांगितलं. मॅडमनी दोघांची रक्तं तपासायला लावली.

शरण्याचा रिपोर्ट घरी कळला तेव्हा आधी अव्वाच भडकल्या. त्या अक्कलकोटकडच्या, राग आला की कानडीत शिरतात.

"नमगेन कडिमी आगेद? आपल्या घरात कशाची कमी पडली गं पूनम? दूध हाय, तूप हाय, अन् माझ्या नातीच्या रक्तात कमी? माहेरात हेच शिकून आलीस व्हय?"

पूनम माढ्याची. साधी पोरगी. पदरानं डोळे पुसत नुसती उभी राहिली. "अव्वा, ती बिस्कुटाशिवाय कायच खात न्हाय, मी तरी काय करू?" एवढंच म्हणाली. अव्वा माझ्याकडे वळल्या, "थोरल्याच्या पोरात बघ काय कमी न्हाय." एरवी हे ऐकून मी हवेत तरंगले असते. पण मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या रक्ताचे आकडे बघत आलेय. मला तिथंच कळलं होतं की लॉटरी पूनमला लागलीय.

कारण कमी म्हणजे काय? कमी म्हणजे भरता येते. बाटली आणा, चमच्यानं पाजा, झालं. आणि ज्याच्यात काहीच कमी नाही त्याचं काय भरणार, सांगा?

हेच मी मॅडमना विचारलं. त्या समजूतदार बाई आहेत. म्हणाल्या, "चंद्रिकाताई, काही मुलांत कमतरता सापडते, काहींत नाही सापडत. सापडली तर भरून काढायची, पण त्यानंही सगळं सुटतंच असं नाही. शिवूला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंग आवरत नाही. रक्त चांगलं आहे ही चांगलीच गोष्ट आहे. आपण शाळेशी बोलू, तुम्हा दोघांना काही गोष्टी शिकवू आणि गोळीचा विचार करू."

गोळी म्हटल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. शरण्याला टॉनिक आणि माझ्या पोराला मेंदूची गोळी? शेजारणीला काय सांगू? मी म्हटलं, बघते, घरी विचारते. कुणाला विचारलं नाही. फाईल कपाटात टाकली.

आणि श्रावण येईपर्यंत शरण्या बदलली.

एकदम नाही, पण बदलली. आधी पाय झाडायचं थांबलं, मग सबंध झोपायला लागली. झोप झाल्यावर रडणं निम्मं झालं. भिंतीकडे बघेना. अव्वा पूजेला बसल्या की शेजारी मांडी घालून बसायची, कपाळाला विभूती लावून घ्यायची, आणि पूजा संपेपर्यंत हलायची नाही. बाईंनी वहीत चांदणी दिली. अव्वांनी ती वही शेजारी चार घरी नेऊन दाखवली. "रक्त भरलं की पोरीचं!" जणू अव्वांनीच भरलं. दोन महिन्यांपूर्वी जिला रडवलं होतं तिच्या हातचा चहा आता अमृत झाला. मी वरून सगळं ऐकायची. जळफळाट म्हणजे काय ते माझ्याकडून शिकावं.

मी वाईट बाई नाही. पण खरं सांगते, त्या दिवसांत शरण्या पुन्हा चुना चाटताना दिसावी म्हणून जिना उतरताना माझी नजर भिंतीकडे जायची.

त्यात पूनमचा चांगुलपणा. एकदा शिवूनं तिच्या स्वयंपाकघरात शेंगाच्या चटणीची अख्खी बरणी पाडली. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पूनम काचा गोळा करत म्हणाली, "मारू नका वो अक्का. त्याला पण शरण्याचं औषध देऊन बगा की. अर्धी बाटली उरलीय, आता तिला दुसरं दिलंय."

माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या! तिच्या लेकीचं उरलेलं, माझ्या लेकाला! "काही नको," मी म्हटलं, "माझ्या शिवूचं रक्त तुझ्या पोरीपेक्षा आठपट चांगलं आहे." ती बिचारी "ते बी खरंच" म्हणून पुन्हा काचा गोळा करायला लागली. शिवू दारात उभा राहून ऐकत होता. वर आल्यावर म्हणाला, "आई, मग माझं रक्त चांगलं आहे तर मी शरण्यासारखा का होत नाही?" मी म्हटलं, गृहपाठ कर.

सप्टेंबरात मुख्याध्यापिकांनी बोलावलं. शिवूनं पुढच्या मुलाच्या डब्यात शाई ओतली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "उपचार सुरू आहेत असा डॉक्टरांचा कागद आणा आणि वर्षअखेरपर्यंत फरक दिसू द्या. नाहीतर दुसरी शाळा बघावी लागेल. बघा ना, तुमच्याच घरातली शरण्या किती छान सुधारली." बघा ना! मला काय दुसरा उद्योग होता?

त्याच आठवड्यात मी शिवूचं रक्त पुन्हा काढलं. मॅडमना फोन करून सांगितलं, जेवत नाही, चेहरा पिवळा दिसतोय, एकदा परत बघू का? त्या म्हणाल्या, बघा. शिवूनं हात पुढं केला. सुईला तो कधी घाबरत नाही. "आज कमी येईल का गं?" त्यानं विचारलं. देवाशप्पथ, आम्ही मायलेकरं सिद्धेश्वराला हात जोडून निघालो होतो, कमी येऊ दे म्हणून.

आता आमच्या लॅबचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठी मशीनं कॉम्प्युटरला जोडलेली आहेत, त्यांचे आकडे आपोआप येतात. फेरिटिनचं मशीन जुनं, वेगळं. त्याच्या पडद्यावर आकडा येतो, तो बघून आम्ही हातानं टाइप करतो. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर संध्याकाळी पाचला येतात, फारच वेडावाकडा आकडा दिसला तर विचारतात, नाहीतर गठ्ठ्यावर सह्या करतात. बारा वर्षांत माझ्या हातून एक आकडा चुकलेला नाही. म्हणून तर माझ्या गठ्ठ्यावर ते डोळे झाकून सही करतात.

दुपारी मशीनवर शिवूचा आकडा आला. अठ्ठेचाळीस.

मी टाइप केला. चार, आठ. बघत बसले. एवढा सुदृढ आकडा, आणि मला रडू कोसळलं. सहा, सहा, सहा, पूनमचा सहा डोळ्यांपुढून हलेना. मग मी बाण चारपाशी नेला आणि चार खोडला. आठ उरला. कॉम्प्युटरनं स्वतःहून आठपुढं लाल खूण केली, कमी. इतकं सोपं होतं.

मॅडमना मात्र पटेना. "जूनमध्ये एक्कावन्न आणि आता आठ? आणि हिमोग्लोबिन चांगलं?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "जूनमध्ये आमच्या मशीनचा घोटाळा होता मॅडम, नंतर लक्षात आलं." बारा वर्षांच्या टेक्निशियनचा शब्द होता तो. मॅडम थोडा वेळ पेन हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आधी हे भरून काढू. गोळीचं पुढं बघू. दोन महिन्यांनी परत तपासायचं, नक्की." शाळेसाठी कागदही दिला.

त्या दिवशी मी सात रस्त्यावरून स्कूटर अशी आणली, जणू पोर बोर्डात पहिलं आलंय.

"अव्वा, शिवूच्या रक्तात कमी सापडली!" मी खालूनच ओरडले. अव्वांनी दोन्ही हात जोडले. "सापडली? यव्वा, बरं झालं बाई!" जूनमध्ये कमी म्हटल्यावर तांडव करणारी हीच म्हातारी. दुसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू वळले. मी पूनमला मुद्दाम आकडा सांगितला, तिच्या शरण्याचं सहा होतं, माझ्याचं आठ आहे म्हणजे माझा लवकर भरेल. तिथंसुद्धा मला वर राहायचं होतं! आणि ती येडी इतकी खूश झाली की तिचे डोळे भरून आले. तिनंच शिकवलं, दुधासंगं द्यायचं न्हाय, लिंबाच्या पाण्यासंगं द्यायचं, नळीनं प्यायला लावायचं म्हणजे दात काळे पडत न्हाईत. "आता बगा अक्का, दिवाळीपत्तुर शिवू कसा श्याना होतोय."

शिवूनं ते ऐकलं. त्यानं दिनदर्शिका स्वतःच्या उशाशी लावून घेतली. रोज औषध पिऊन झालं की त्या दिवसावर फुली मारायचा. लोखंडाच्या चवीचं ते औषध, मोठी माणसं तोंड वेडंवाकडं करतात, हा गटागटा प्यायचा आणि चमचा चाटून पुसून द्यायचा. त्याचं पोट दुखायला लागलं, संडासला कडक व्हायला लागली, पण तक्रार नाही. शरण्याला विचारायचा, "तुझं भरलं तेव्हा तुला कसं कळलं?" ती म्हणायची, "कळलंच नाही. नुसती बरी झाले."

पहिले पंधरा दिवस तो खरंच शांत होता. वर्गात हातांवर बसायचा, स्वतःचे हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून. ओठ घट्ट मिटून. बाई म्हणाल्या, फरक वाटतोय. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, खरंच कमी असेल, मशीनच चुकलं असेल! माझी मीच केलेली लबाडी मलाच खरी वाटायला लागली. पूनमसमोर मी पाय पसरून बसायला लागले. "माझा शिवू आता पूजेला बसतो की," असं जाता-येता सांगायला लागले.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. वर्गानं पुठ्ठ्याचा किल्ला केला होता. सगळ्यांनी महिनाभर खपून. शिवूनं त्यावर उडी मारली. बाईंनी का केलंस विचारलं तर म्हणाला, माहीत नाही. मी लॅबमधून तशीच गेले, त्याला घेऊन घरी आले.

खाली पूनम आणि अव्वा शेंगा सोलत बसल्या होत्या. शरण्या पाटीवर काहीतरी काढत होती. मला वाटलं होतं शिवू पळत वर जाईल. तो तिथंच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

"आई, माझं रक्त भरलं का?"

"भरत आलंय."

"शरण्याचं एवढ्या दिवसांत भरलं होतं. मी मोजलं." तो मोठ्या माणसासारखा बोलत होता, रडत नव्हता. "मी एकपण दिवस चुकवला नाही. थेंबपण सांडला नाही. पोट दुखायचं ते पण नाही सांगितलं. तरी मी उडी मारली. म्हणजे मी मुद्दाम करतो."

"नाही रे."

"मुद्दामच करतो. बाई म्हणतात ते खरं आहे. आधी कमी होती म्हणून करत होतो. आता कमी नाही तरी करतो. म्हणजे मीच वाईट आहे."

पूनम सोलणं टाकून उठली, त्याला जवळ घ्यायला. मला ते बघवलं नाही. अशा वेळी पण माझ्या मनात हेच आलं, आता हिनं माझ्या पोराला कुशीत घ्यायचं आणि मी बघत राहायचं? मी पुढं झाले, आणि तोंडातून निघून गेलं.

"कमी नव्हतीच. रिपोर्ट मी बदलला होता."

अव्वांना नीट कळलं नाही. "एन? काय म्हणली?"

"अठ्ठेचाळीस होतं अव्वा. मी चार खोडला आणि आठ ठेवलं. त्याच्या रक्तात काहीच कमी नव्हतं. उगाच पाजलं मी ते औषध." आणि पूनमकडे बघून म्हटलं, "तुझ्यामुळं. म्हणजे तुझं काही चुकलं नाही. तुझी शरण्या बरी झाली ते मला बघवत नव्हतं."

पूनम जागच्या जागी उभी राहिली. तिच्या ओच्यात शेंगा होत्या त्या तशाच धरून. "अक्का," एवढंच म्हणाली. मला वाटलं शिव्या देईल. देईल तर बरं होईल असं वाटलं. तिनं शरण्याला उचललं आणि आत गेली, दार लावून घेतलं. अव्वा कपाळावर हात मारून घेत राहिल्या.

मी तिथंच उभ्यानं मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "औषध आजच बंद करा. उद्या शिवूला घेऊन या, पोटदुखी बघायची आहे. गोळीचा विचार जूनमध्येच करायला हवा होता, तुम्ही त्याचे पाच महिने घालवलेत." आणि मग, "लॅबच्या सरांना तुम्ही सांगणार की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते. सही त्यांची आहे त्या कागदावर. माझी नोकरी राहील असं मला वाटत नाही.

फोन ठेवला तेव्हा शिवू मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "ऐकलंस ना? तू मुद्दाम करत नाहीस. तुझं डोकं जोरात पळतं, ते आवरायला वेगळी मदत लागते. ती मी तुला दिलीच नाही. चूक माझी."

त्यानं ते ऐकलं. त्याला पटलं असावं, कारण खांदे जरा खाली आले. मग तो विचार करायला लागला. तो विचार करताना पाय हलवतो, तसे हलवत होता.

"पण मग कमी नव्हती तर कमी का लिहिलीस?"

"शरण्याची होती म्हणून."

"तुला पण पाहिजे होती?"

"हो."

आतून शरण्याचा हसण्याचा आवाज आला, आणि मला तेव्हाही आत टोचलं, खोटं कशाला बोलू.

"म्हणजे," शिवू म्हणाला, "तुला शरण्यासारखा मुलगा पाहिजे होता?"

मी नाही म्हणाले. छातीशी धरून तीन-चारदा नाही म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. मधे एक क्षण गेला, आणि प्रत्येक गोष्टीत घाई करणारं माझं पोर तो एक क्षण घाई न करता वाट बघत बसलं होतं, मग त्यानं पाय हलवायचे थांबवले.